टोपणभर पाणी

"याला भूक नाही गं, तान आहे. पाण्याची तान."

बाळ दोन महिन्यांचं असताना आई हे म्हणाली आणि मी हसले. आईच्या तोंडी 'तहान' कधी आलीच नाही, कायम 'तान'. मी म्हटलं, "तान्हंच आहे ते, तान असणारच." माझा विनोद मला फार आवडला. तिला नाही आवडला. तिने बाळाच्या ओठांवरून करंगळी फिरवली. ओठ करंगळीला किंचित चिकटले. "चेष्टा नको करूस. चमचाभर पाणी दे त्याला."

"सहा महिने थेंबही द्यायचा नाही, आई. दुधात असतं तेवढं पाणी पुरतं."

"कोण म्हणतं?"

"सगळेच म्हणतात."

आणि ते खरंच होतं. प्रसूतीच्या दवाखान्यात भिंतीवर मोठ्या अक्षरांत तसं लिहिलेलं होतं, सिस्टरने डिस्चार्जच्या वेळी बजावून सांगितलं होतं, आणि मी वनस्पतिशास्त्राची पदवी घेतलेली बाई, त्यामागचं कारणही नीट वाचून घेतलं होतं. माझी आई कुठलीही गोष्ट एकदाच सांगते. समोरच्याने ऐकलं तर ऐकलं, नाहीतर पुन्हा तोंड उघडत नाही. तिचा स्वभावच तसा, असं मी लहानपणापासून धरून चालले होते.

बाळाचं पाळण्यातलं नाव आहे, पण माझा नवरा त्याला 'धबधबा' म्हणायचा. लंगोट बदलून बाळाला खाली ठेवेपर्यंत दुसरा ओला. खुर्च्यांच्या पाठी, खिडकीचे गज, दाराची कडी, जिथे म्हणून कापड लटकू शकतं तिथे लंगोट. "घर नाही, धोबीघाट आहे," म्हणत तो त्यांच्यातून वाट काढत आत यायचा. तो लिफ्ट दुरुस्त करतो. हात ग्रीसने माखलेले, म्हणून यायचा तो कोपराने लंगोट बाजूला सारत. एकदा एक लंगोट नाकाशी धरून म्हणाला, "ना रंग, ना वास. साहेब एकदम फिल्टरचं पाणी सोडतात." दोघंही हसलो.

मी सगळं बघत होते, हे मात्र खरं. बघत राहणं हा माझा जुनाच रोग आहे. दूध तो अधाशासारखं ओढायचा आणि तोंड फिरवायचा, परत ओढायचा, परत फिरवायचा. अंघोळीच्या वेळी नळ सोडला की मान त्या आवाजाकडे वळायची. अंग पुसायचा ओला कपडा हाती लागला की चोखत बसायचा आणि काढून घेतला की असा रडायचा, जणू मी त्याचं काहीतरी हिसकावून घेतलंय. मला वाटलं, दात येत असतील. वजन वाढेना, शी खड्यासारखी, मधूनच ताप, ना सर्दी ना खोकला. प्रत्येक गोष्टीला मी वेगळं कारण शोधून ठेवलं होतं, आणि प्रत्येक कारण वेगवेगळं पाहिलं तर पटण्यासारखं होतं.

साडेपाच महिन्यांचा असताना ताप उतरेना. टाळू खोल गेली, डोळे खोल गेले, आणि रडला तर डोळ्यांत पाणी नाही. कुंडीतलं रोप असं दिसलं असतं तर मी एका नजरेत ओळखलं असतं.

*

मुलांच्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई बुटक्या आणि खणखणीत आवाजाच्या. कोणालाही नावाने हाक मारत नसत. आम्ही 'बाळाची आई', 'बाळाचे बाबा', आणि माझी आई 'आजी'. सलाईन लावून त्यांनी बाळाला हळूहळू वर काढलं, आणि रक्ताचे पहिले रिपोर्ट आल्यावर आम्हाला समोर बसवलं.

"बाळाची आई, दिवसाला लंगोट किती लागतात?"

"मोजणं सोडून दिलंय."

"हं. बघा, याचं रक्त घट्ट झालंय. मीठ चढलंय त्यात. अशा वेळी कोणाचीही लघवी कमी होते आणि पिवळीधमक होते, कारण शरीर पाणी धरून ठेवतं. याची मात्र पाण्यासारखी नितळ, आणि धो धो. म्हणजे पाणी धरून ठेवायचं काम कुठेतरी बंद पडलंय."

"कुठे?" नवऱ्याने विचारलं. लिफ्ट बंद पडली की तो असंच विचारतो.

त्यांनी टेबलावरच्या पॅडच्या कडेला एक वाटाणा काढला आणि खाली दोन घेवडे. वाटाणा म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेली ग्रंथी, घेवडे म्हणजे मूत्रपिंडं. "इथून एक हार्मोन रक्तात सुटतं. ते म्हणजे खाली पाठवलेला निरोप: पाणी सोडू नका, जपून वापरा. याच्या बाबतीत दोनच शक्यता आहेत. एक तर वरून निरोपच निघत नाही. तसं असेल तर निरोप आपण बाहेरून देऊ. त्याचं औषध मिळतं, तेच हार्मोन, कारखान्यात केलेलं. मूल शाळेत जाईल, खेळेल, कोणाला पत्ताही लागणार नाही."

"आणि दुसरी?"

"दुसरी म्हणजे निरोप निघतोय, पण खाली तो कोणी घेतच नाही. मग औषध देऊन उपयोग नाही. मग जन्मभर पाणी, पाणी आणि पाणी. एक दिवस जरी चुकलं, तरी हे असं."

"यातली कुठली आहे?"

"मोजल्याशिवाय मी सांगणार नाही."

त्या क्षणापासून माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. हार्मोन कमी निघू दे. पोराच्या रक्तात एखादी गोष्ट कमी असावी म्हणून आईने हात जोडावेत, अशी वेळ माझ्यावर आली होती.

मोजायची रीत ऐकताना सोपी वाटली. बाळ जरा सावरल्यावर सलाईन बंद करायचं आणि काही वेळ दूधही नाही, पाणीही नाही. डॉक्टर आणि सिस्टर डोळ्यांत तेल घालून बसणार, थोड्या थोड्या वेळाने वजन करणार. लघवी गेली की वजन उतरतं, रक्त थोडं घट्ट होतं. ते पुरेसं घट्ट झालं की त्याच क्षणी रक्त घ्यायचं आणि त्याच वेळची लघवी घ्यायची. रक्तात निरोप किती, लघवीत त्याचा परिणाम किती, दोन्ही शेजारी ठेवून बघायचं.

"म्हणजे त्याला मुद्दाम तहान लावायची," मी म्हणाले.

"हो," त्या म्हणाल्या, आणि त्यात काही गोड मिसळलं नाही. "आणि तुम्ही बाहेर बसायचं. तुमचा वास आला की तो दूध मागणार आणि दोघांचेही हाल. आजी घेऊन बसतील त्याला. आजी शांत आहेत."

आई शांतच होती. पर्समधली पाण्याची बाटली काढून तिने खुर्चीच्या पायाशी ठेवली, बाळाला मांडीवर घेतलं आणि भिंतीकडे तोंड करून बसली.

बाहेर बाकावर आमच्या शेजारी प्रयोगशाळेचा माणूस येऊन बसला. त्याच्या पायाशी बर्फाने भरलेला डबा. नवरा म्हणाला, "काय, आइस्क्रीम का?"

"साहेब, हा विनोद मला रोज दोनदा फुकट मिळतो," तो म्हणाला. "इथे सगळे मला बर्फवालाच म्हणतात. माझ्या बायकोनेसुद्धा फोनमध्ये बर्फवाला असंच टाकलंय."

"पण बर्फ कशाला?" मी विचारलं.

"हे हार्मोन फार नाजूक असतं, ताई. रक्त बाहेर काढलं की विरायला सुरुवात. म्हणून नळी लगेच बर्फात, थंड यंत्रात गरगर फिरवायची, वरचं पाणी वेगळं काढून गोठवायचं, मग मोठ्या प्रयोगशाळेत. वाटेत कुठे ऊब लागली की खलास. रिपोर्ट येतो, नाही असं नाही. पण तो उबेचा येतो, बाळाचा नाही."

आतून रडणं ऐकू येत होतं. सुरुवातीला चढलेलं, मग घोगरं. मध्येच सिस्टर वैतागून बाहेर आली. लघवीसाठी लावलेली चिकट पिशवी सुटली होती आणि तिच्या दोन्ही बाह्या ओल्या. "पुरुषाची जात, नेम म्हणून नाही," म्हणत तिने नवी पिशवी घेतली. आम्ही हसलो, कारण हसायला काहीतरी हवंच होतं.

मग रडणं थांबलं.

मला बरं वाटलं. झोपला असेल, आईच्या हातात गुण आहे, असं मी म्हणालेसुद्धा.

*

तिसऱ्या वजनाला आत गडबड ऐकू आली. दार उघडं होतं. सिस्टर काट्यावरचा आकडा बघत होती, बाळाला उचलत होती, काटा शून्यावर आणत होती, परत ठेवत होती.

"मॅडम, वाढलंय."

"काय वाढलंय?"

"वजन. मघापेक्षा जास्त भरतंय. काही न घेता! हवा पिऊन वाढलं का हे?"

डॉक्टरीणबाईंनी आधी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "मी बाहेरच होते." नवऱ्याने काटा उचलला, उलटा केला, पाय बघितले, खिशातली पक्कड आणि चाव्या ठेवून बघितलं. "काटा ठीक आहे," तो म्हणाला, आणि त्याला ते म्हणायला नको होतं असं त्याच्या चेहऱ्यावर दिसलं.

मी खाली बघितलं. खुर्चीच्या पायाशी बाटली होती. माझी आई दिवसभरात दोन भांडी पाणीदेखील पीत नाही. बाटली अर्धी झाली होती. टोपण तिच्या मुठीत होतं आणि बाळाच्या गळ्याखालचं कापड ओलं होतं.

"आई?"

ती भिंतीकडे बघत राहिली.

"आई, किती दिलंस?"

"टोपणाने दिलं. मोजलं नाही."

मग मी ओरडले. तो वॉर्ड आहे, शेजारी दुसऱ्यांची पोरं झोपलीत, कशाचं भान राहिलं नाही. "ही तपासणी होती, आई! सगळं फुकट गेलं. आता परत त्याला तहानलेलं ठेवावं लागेल, परत तेच रडणं, परत सुया. कळतंय का तुला? का वैर आहे तुझं त्याच्याशी?"

"माझ्याच्याने नाही होणार," आई म्हणाली. इतक्या हळू, की सिस्टर पुढे वाकली. "दुसऱ्यांदा नाही होणार."

डॉक्टरीणबाई तिला झापणार होत्या, तोंड उघडलेलंही होतं. त्या थांबल्या. शेजारचं स्टूल ओढून तिच्या गुडघ्याला गुडघा लावून बसल्या. "दुसऱ्यांदा म्हणजे काय, आजी?"

आमच्या घरात 'पहिला' म्हणून कोणीतरी होता, एवढं मला माहीत होतं. माझ्या आधी एक झाला, तापाने गेला. एका वाक्याचा भाऊ. त्याचा फोटो नाही, वाढदिवस नाही. मी विचारलं नाही आणि कोणी सांगितलं नाही. आता आई सांगत होती, मला नाही, डॉक्टरीणबाईंना.

"असाच होता. असेच ओठ. दूध ओढायचा न् सोडायचा. लंगोट पिळले तर बादली भरेल. मला वाटलं, याला तान आहे. कोणाला न सांगता पाणी द्यायची मी, उकळून गार केलेलं. बाटलीचं टोपण असतं ना, त्याने. पाणी मिळालं की झोपायचा, एवढासा हसायचासुद्धा. मग ताप आला. त्या डॉक्टरांनी विचारलं, वरचं पाणी पाजलंत का? मी खोटं कशाला बोलू, हो म्हटलं. ते म्हणाले, मग पाण्यानेच झालंय हे, पाणी बंद करा. हिचे वडील तिथेच उभे होते. घरी आल्यावर यांनी बाटली फेकली, टोपणसुद्धा फेकलं. मी बंद केलं."

"मग?"

"मग काय. बंद केलं तरी गेला. सगळे म्हणाले, जे पाणी जायचं ते आधीच पोटात गेलेलं होतं."

आमच्या घरी बाबा पाणी स्वतः घेऊन पीत. जेवताना तहान लागली तर ताटावरून उठत, माठाशी जात, भांडं भरून परत येत. आईने कधी त्यांच्यासमोर पाणी आणून ठेवलेलं मी पाहिलं नाही. शाळेत, कॉलेजात मी मैत्रिणींना अभिमानाने सांगायचे, आमचे बाबा असे नाहीत हं, बायकोला ते पाण्याचं भांडंसुद्धा मागत नाहीत. बाबा जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्या दिवशी वॉर्डात, काट्यासमोर उभी असताना, मला त्या पाण्याचा अर्थ लागला. इतकी वर्षं त्यांनी तिच्या हातचं पाणी घेतलं नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी अजून एकच विचारलं. "आजी, तुमच्या माहेरी? भाऊ किती?"

"भाऊ नाही. दोन झाले होते, राहिले नाहीत. आमच्याकडे म्हणायचेच, या घरात मुलीच वाचतात."

त्यांनी पेन खाली ठेवलं. तो आवाज मला अजून ऐकू येतो. "आजी, तपासणी तुम्ही बिघडवलीत," त्या म्हणाल्या, "पण बहुतेक निदान करून दिलंत. तरी मला मोजावंच लागेल."

*

दुसऱ्या वेळी बाळाला नवरा घेऊन बसला. आई बाहेर माझ्याजवळ. बाकावर बसण्याआधी तिने पर्स उघडली आणि बाटली माझ्या हातात दिली. "तुझ्याकडे ठेव. माझा भरवसा नाही." मी ती घेतली आणि घट्ट धरून बसले. आतून रडणं सुरू झालं तसे आईने दोन्ही कान झाकले. थोड्या वेळाने हात काढले, जणू कान झाकणं हीदेखील पळवाटच. तिने ते सगळं रडणं ऐकलं. या वेळी ते मध्येच थांबलं नाही.

पिशवी चिकटून राहिली. वजन उतरत गेलं. आत रक्त घेतलं, दार उघडलं, आणि एरवी विनोद करणारा बर्फवाला डबा छातीशी धरून तोंडातून अवाक्षर न काढता पळत सुटला. त्याची पाठ जिन्यावर दिसेनाशी होईपर्यंत आई उभी राहून बघत होती. मग बाळाला ते औषधाचं हार्मोन दिलं आणि परत लघवी तपासली. मग एकदाचं त्याला माझ्याकडे दिलं. तो इतका प्यायला की गिळण्याचा आवाज खोलीभर ऐकू येत होता.

रिपोर्ट यायला दिवस लागले. त्या दिवसांत मी मनातल्या मनात अनेकदा तो कागद वाचला, आणि दर वेळी त्यात हार्मोन कमीच होतं.

तसं नव्हतं. "रक्तात भरपूर आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "असायला हवं त्याच्या कितीतरी पट. आणि लघवी तशीच, पाण्यासारखी. बाहेरून दिलं तरी ढिम्म. याचा मेंदू घसा फाटेस्तोवर ओरडतोय, बाळाची आई. खाली कोणाला ऐकूच जात नाहीये."

दुसरी शक्यता. आईकडून मुलाकडे येणारी. मुली ती अंगात वागवतात, बहुतेक वेळा त्यांना स्वतःला काही होत नाही. मुलांना होतं. माझ्या आजीकडून आईकडे, आईकडून माझ्याकडे. रक्ताची आणखी एक तपासणी करून ते पक्कं होणार होतं, पण त्यांच्या आवाजात आता 'बहुतेक' उरलं नव्हतं.

"मी पाणी दिलं असतं तर?"

"नियम बरोबरच आहे. एवढ्या लहान बाळाला पाणी देणं चांगलं नसतं, आणि उद्या तुमच्या शेजारणीने विचारलं तर तिला मी तेच सांगेन. नियम सगळ्या बाळांसाठी असतो. हे बाळ त्यात बसत नाही. आधी आणलं असतं तर बरं झालं असतं, तेही खरं. मेंदूला किती त्रास झालाय ते तो मोठा होईल तसं कळेल."

नवऱ्याने माझा हात धरला. ग्रीसचा वास आला. मी अजून एक विचारलं. "आणि माझा भाऊ?"

"त्याचं रक्त माझ्याकडे नाही. छातीठोक सांगता येणार नाही. पण आजींनी जे सांगितलं त्यावरून, त्या पाण्याने त्याला काही झालं नसावं. पाण्यावरच तो तेवढा तरी तगला असावा."

*

रस्ताभर मी हे वाक्य कडेवरच्या पोरासारखं सांभाळत आणलं. बाकी सगळं वाईट होतं, पण यातून एक गोष्ट तरी आईला देता येणार होती. किती वर्षं ती मानेवर जू घेऊन चालली होती, ते आज उतरणार होतं. मला घाई झाली होती. चपला काढायच्या आधीच मी स्वयंपाकघरात गेले.

आई ओट्याशी उभी राहून लंगोटांच्या घड्या घालत होती. मी सगळं सांगितलं, वाटाणा आणि घेवडे यांच्यासकट. आणि शेवटी, "तू पाणी दिलंस म्हणून तो गेला नाही, आई. पाणी दिलंस म्हणून तो जगत होता. तुझं बरोबर होतं. सगळ्यांचं चुकलं, तुझं बरोबर होतं."

तिने घडी पुरी केली. ढिगावर ठेवली. हाताने वरून सारखी केली.

"मग मी थांबले का गं?" ती म्हणाली.

तोवर माझ्या लक्षातच आलं नव्हतं की मी काय घेऊन आले आहे.

"तुला थांबवलं त्यांनी. बाबांनी—"

"त्यांचं नाव नको घेऊस. हात माझे होते." तिने दुसरा लंगोट उचलला. "टोपण फेकलं होतं, हात नव्हते तोडले. तो नळाकडे बघायचा. मी त्याला नळापासून लांब घेऊन बसायची, दिसू नये म्हणून. इतकी वर्षं म्हणत होते, मी दिलं म्हणून गेला. तरी त्यात एवढं होतं की शेवटी मी ऐकलं, बंद केलं, जमेल ते केलं." तिने लंगोट उलगडला, परत दुमडला. "आणि ते आलंय माझ्याकडूनच म्हणतेस."

"तसं नसतं, आई. तो दोष नसतो."

"बरं," ती म्हणाली. ती एकदाच सांगते.

आता बाळाला आम्ही घड्याळ लावून पाणी देतो, दुधाच्या जोडीला. एक गोळी आहे, जी दुसऱ्यांना दिली तर लघवी वाढवते आणि याची कमी करते. डॉक्टरीणबाईंनी त्यामागचं कारण समजावून सांगितलं आणि मला पहिल्यांदाच कारण समजून घ्यायची इच्छा झाली नाही. वजन वाढतंय. बसायला अजून लागला नाही. त्याच्याएवढी पोरं बसतात. मी बघते, आणि तुलना करत नाही असं सगळ्यांना सांगते. नवरा त्याला अजून धबधबा म्हणतो. आवाज मात्र आधीसारखा नसतो.

आई तिच्या घरी परत गेली. जाईपर्यंत बाळाला पाणी तीच पाजत होती, चमच्याने, एकही थेंब न सांडता, आणि त्याने तोंड मिटलं तरी चमचा ओठांशी धरून थांबायची, उगाच, अजून घेईल म्हणून. तिच्यासाठी मी भरून ठेवलेलं भांडं मात्र तिथेच असायचं. जेवण झालं तरी काठोकाठ. मी म्हटलं, "पाणी पी ना." ती म्हणाली, "तान नाही." मी परत भरायला गेले की भरायला जागाच नसायची. दोनदा ते भांडं तिने बाळाच्या बाजूला सरकवून ठेवलेलं मी पाहिलं, ज्याला भांडं म्हणजे काय ते अजून कळतही नाही त्याच्या बाजूला.

आता मी रोज फोन करते. "पाणी प्यायलीस?" "हो." इतकं पटकन येतं ते 'हो', की मला कळतं. रविवारी आम्ही तिघं जाणार आहोत. मी तिला काही समजावणार नाही. मी भांडं भरून तिच्या हातात देईन, तिने दिलेलं मी पिईन, आणि दोन्ही भांडी रिकामी होईपर्यंत शेजारी बसेन. एवढंच सुचतंय.

तुमच्या घरातही अशी कोणी असेल. मावशी, काकू, आत्या, कदाचित आईच, जिच्या एका मुलाबद्दल तुम्हाला एकच वाक्य माहीत आहे. तिच्याकडे जा. काय झालं होतं ते लगेच विचारू नका, आणि मी केली तशी घाई तर मुळीच नको. आधी नुसतं बघा, तिच्या उशाशी भरून ठेवलेलं पाण्याचं भांडं अजून तसंच भरलेलं आहे का.